आवडाबायचा धक्का

मुरवणे बंदरात आज जिथे मोठाल्या क्रेन उभ्या आहेत तिथे नुसती माडांची रांग होती, तेव्हाची ही गोष्ट. कोणत्या सालची, ते विचारू नका. मुरवण्याच्या माणसाला साल विचारलं की तो भरती-ओहोटी सांगतो.

त्या काळीही मुरवण्याची सुपारी, मिरी, हिरडा देशोदेशी जायचा. न्यायला येणारी गलबतं मात्र रिकामी यायची, आणि रिकामं गलबत कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी दगड भरलेले असायचे. माल चढवायचा तर आधी दगड काढायला हवेत. ते किनाऱ्यावर नेण्याची तसदी कोण घेणार? नाखवे ते तिथेच खाडीत ढकलून मोकळे व्हायचे.

माल वाहणाऱ्या बायांची मुकादमीण होती आवडाबाय खारवीण. एका ओहोटीला तिला खाडीत दगडांची रास वर आलेली दिसली. ती तडक बंदरातून माल पाठवणाऱ्या शेठकडे गेली.

शेठ हसला. "अगो, दोन दगडांनी दर्या बुजतो काय?"

"माज्या म्हायेरचा बुजला," आवडाबाय म्हणाली.

खरंच होतं ते. पलीकडच्या खाडीवरचं तिचं माहेर असंच दगडागाळानं बुजलं होतं. गलबतं यायची थांबली, घरांना कुलपं लागली आणि तिचा बाप पोटासाठी परमुलखात गेला तो गेलाच. शेठनं पान लावलं आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी अरबस्तानाहून तीन डोलकाठ्यांचं गलबत आलं. खलाशी दगड ढकलणार, तोच खाली बघतात तर आवडाबायची होडी गलबताला खेटून उभी, आणि बाई मधोमध फतकल मारून बसलेली.

"टाक नाखवा! पयला माज्या डोक्यार टाक!"

नाखवा ओरडला, किनाऱ्यावरून शेठ ओरडला. बाई ढिम्म हलली नाही. ऊन तापलं, भरती येऊन ओसरली. शेवटी नाखवाच टेकीला आला. "मग ह्या दगडांचं करू काय, बाय?"

"आमी न्हेतो. पान्यात येक खडा जाता नये."

तेव्हापासून बाया येताना दगड आणि जाताना माल वाहू लागल्या. ते दगड आवडाबायनं खाडीच्या तोंडाशी, गलबतांपुरती वाट सोडून, लाटा आणि गाळ अडवणारा धक्का म्हणून रचायला घेतले. काळे, तांबडे, कुठकुठच्या मुलखांतले. असं म्हणतात, बाया ओहोटीला जेवढं रचायच्या तेवढंच दर्या भरतीला नीट बसवून द्यायचा. शेजारची बंदरं हसत होती. हसोत बापडी. आज ती नकाशात शोधावी लागतात.

मग एका आश्विनात तुफान झालं. धक्क्यात एक खिंडार राहिलेलं, आत मालानं भरलेली गलबतं, आणि उरलेली एकच शिळा चार गड्यांना पेलवेना. आवडाबायनं पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि शिळेखाली शिरली. असं म्हणतात, ती धक्क्यावरून चालली तशी एकही लाट तिच्या गुडघ्यावर चढली नाही. शिळा खिंडारात बसली. बाहेर दर्या पिसाळलेला, आत खाडी परातीतल्या पाण्यासारखी.

"आता बुजव बघू!" ती दर्याला म्हणाली. मग तिथंच बसली आणि माहेराच्या नावानं पोटभर रडली, असं म्हणतात.

आज मुरवणे मोठं शहर आहे. डोंगराएवढी जहाजं कंटेनर भरून इथून जातात, आणि तोल सांभाळायला दगड आता कोणी आणत नाही. तरी पहिल्यांदा येणारा कप्तान आपल्या मुलखातला एक दगड घेऊन येतो, आणि खारवी बाया तो चुंबळीवर घेऊन वाजतगाजत धक्क्यावर नेतात. आणि एवढं समुद्राकाठचं शहर, पण इथलं एकही पोर पाण्यात दगड भिरकावत नाही. हातात आलेला खडा ते धक्क्यावर नेऊन ठेवतं.