भिंतीकडे तोंड

त्या रानात एकट्याच्या कारागिरीवर कुणाचंच पोट भरत नसे. म्हणून सगळ्या कारागिरांनी मिळून एका पोकळ वडाच्या खोडात विक्रीचं सामाईक दालन थाटलं होतं. प्रत्येकाला माल टांगायला एक खुंटी होती आणि दालनात बसायची पाळी आळीपाळीनं येई. रीत कडक होती. ज्याची पाळी असेल, त्याचा माल त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून राही. त्यानं इतरांच्या कामाचं कौतुक करायचं, आपलंच घोडं पुढं दामटायचं नाही. आणि हंगामभर ज्याचं काहीच खपलं नाही, त्यानं खुंटी सोडायची.

यंदा दोघांचा माल पडून राहिला होता: सुतारपक्ष्याचा शिवणीच्या लाकडाचा पाळणा आणि सुगरणीनं विणलेला गवताचा पाळणा. त्यातून हंगामाच्या शेवटच्या दिवशी पाळी आली नेमकी सुताराची. आपला पाळणा भिंतीकडे वळवताना त्याच्या मनात आलं: एवढी वर्षं लाकूड कोरून शेवटी खुंटी जाणार?

दुपारी लांबच्या रानातली एक खार आली. तिचे दिवस भरत आले होते. सुगरणीच्या पाळण्यापाशी ती थबकली. त्याच्या विणीत नावाला फट नव्हती, आणि हे सुताराला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"दादा, टिकेल ना हो हा?"

एक 'हो' पुरला असता.

"गवतच ते, बाई," सुतार म्हणाला. "वारा सुटला की पिलू खाली. मागाहून मला बोल लावू नका." असं बोलायला त्याची जीभ कशी रेटली कोण जाणे. वर त्यानं आपला पाळणा फिरवून पुढं केला. खारीनं तोच नेला.

दुसऱ्या दिवशी सुगरणीनं खुंटी मोकळी केली. कुरकुर नाही की त्रागा नाही. पाळणा घेऊन ती थेट सुताराच्या ढोलीशी आली.

"घरात तान्हं असताना पाळणा विकलात, दादा! गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतू नये, दालनाचं नाव राहावं म्हणूनच ना? माझा उतरलाच आहे, तर इथं टांगते. निदान तुमची खुंटी राहिली, बरं झालं."

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं कबूल करून टाकावं म्हणून त्यानं चोच उघडली, तोच सुतारीण पिलू घेऊन पुढं आली. "अगं बाई, किती सुबक विणलाय!" ती म्हणाली. सुताराची चोच मिटली ती मिटलीच. सुगरण उडून जाईपर्यंत त्याला तिच्याकडे पाहवलं नाही.

तिन्हीसांजेला वारा सुटला. झाड करकरू लागलं. पाळणा हलत होता आणि पिलू गाढ झोपलं होतं.

"बघा ना," सुतारीण हसून म्हणाली, "वाराच झोका देतोय. मला दोरी ओढावीसुद्धा लागत नाही."

सकाळी शिंपीपक्षी दालनात आला. सुताराच्या खुंटीवर नव्या हंगामाचा माल लागला होता, पण सगळा भिंतीकडे तोंड करून. शेजारच्या, सुगरणीच्या रिकाम्या खुंटीखाली सुतारही तसाच बसला होता.

"अहो दादा, आज पाळी माझी आहे," शिंपी म्हणाला.

सुतारानं मान वळवली नाही.