चंद्रकांताचा पाझर

वैरणगडच्या रणधवलराजांच्या आईसाहेब वारल्या आणि त्यांच्या गळ्यातला चंद्रकांत मणी म्हाताऱ्या दाईकडे, गोजराबाईकडे सापडला. "आईसाहेबांनीच दिलाय हो," ती सकाळपासून रडून सांगत होती. राजांना ते पटेना.

"चांदण्यात चंद्रकांत पाझरतो म्हणतात," ते उपहासाने म्हणाले. "आज पौर्णिमाच आहे. दगडाला पाझर फुटला तर तू खरी. नाहीतर गड सोडायचा!"

चंद्र उगवताच सगळा दरबार गच्चीवर जमला. गोजराबाईने मणी राजांच्या तळहातावर ठेवला.

"गार लागतोय ना? लहानपणी तुम्हाला गोवर आला, तेव्हा आईसाहेब हाच तुमच्या कपाळावर धरायच्या. तुम्ही मात्र तो काढून माझ्या कपाळाला लावायचात. म्हणायचात, दाईलापण ताप आलाय."

एक थेंब टपकन मण्यावर पडला.

"पाझर फुटला, राजे."

"हा माझ्या डोळ्यातला थेंब आहे, दाई. दगडाचा नाही."

"सकाळपासून मी ज्याच्यापुढे रडत होते, तो दगडच तर होता!"

राजे ओल्या डोळ्यांनी हसले. भर दरबारात त्यांनी स्वतःच्या हाताने मणी तिच्या गळ्यात बांधला.

"आई म्हणून हाक मारायला आता मला तूच उरलीस," ते म्हणाले.