तक्रार करणारीचा सत्कार

एकदा एक साड्यांचा व्यापारी आपल्या जुन्या गुरुजींकडे गेला आणि ओसरीवर टेकला. भास्करशेठ त्याचे नाव. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि तो आपणहून बोलेपर्यंत वाट पाहिली.

हळूहळू त्याने सारे सांगितले. त्याच्या दुकानाला पाच पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसाला आत जाता येत नाही, अशी कुणीतरी तक्रार केली आणि सरकारी कार्यालयातून नोटीस आली. कायदा तसाच आहे, हे वकिलानेही सांगितले. त्याने पायऱ्यांच्या कडेला उतार बांधून घेतला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने मोजायची फीत लावली आणि उतार फार खडा असल्याचे सांगितले. तो फोडून दुसरा बांधला, तर तोही खडाच ठरला आणि दरवाजाही अरुंद निघाला. आता दर्शनी भागातले काचेचे कपाटच काढायचे होते. तीन महिने दुकानात सिमेंटची धूळ उडत होती. साड्या झटकता झटकता नोकर कंटाळले होते आणि परवाना राहतो की जातो, या चिंतेने तो स्वतः पोखरला गेला होता.

"गुरुजी, मी वाईट माणूस नाही," तो म्हणाला. "असं कुणी गिऱ्हाईक आलं की माझी माणसं गठ्ठे घेऊन खाली रस्त्यावर जातात. साड्या उलगडून दाखवतात. आणखी काय करायचं? मी थकलो आता."

तक्रार कुणाची, हे त्याने शोधून काढले होते. शिवणकामाचे वर्ग घेणाऱ्या इंदुमतीबाईंची. त्याही एके काळी गुरुजींच्याच विद्यार्थिनी होत्या. गुरुजींनी शब्द टाकला तर त्या तक्रार मागे घेतील, एवढ्या आशेने तो आला होता.

"उद्या सकाळी ये," गुरुजी म्हणाले. "येताना एक शाल आणि नारळ आण."

व्यापाऱ्याला हायसे वाटले. मान देऊन मन वळवायचे, असाच गुरुजींचा विचार असणार.

दुसऱ्या दिवशी दोघे इंदुमतीबाईंच्या घरी गेले. चाकाच्या खुर्चीत बसून त्या एका सदऱ्याला काजे करत होत्या. नमस्कार झाले. मग गुरुजी व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "हिने तुझ्याविरुद्ध तक्रार केली, त्याबद्दल हिचा सत्कार कर."

व्यापाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गुरुजींचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. त्याने शाल बाईंच्या खांद्यावर ठेवली, नारळ हाती दिला आणि मागे सरकला.

बाईंनी सुई बाजूला ठेवली. "सही कुठे करायची?" त्यांनी विचारले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. याआधी एका दवाखान्याचे लोक असेच पेढे घेऊन आले होते, मग एका मंगल कार्यालयाचे. त्यांनी दोन्ही वेळा तक्रार मागे घेतल्याची सही करून दिली होती. दोन्हीकडच्या पायऱ्या अजून तशाच होत्या.

"आम्ही कागद आणलेला नाही," गुरुजी म्हणाले. "त्या दिवशी काय झालं, तेवढं याला सांग."

बाईंना भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायची होती. नोकरांनी खरोखरच गठ्ठे रस्त्यावर आणले आणि अदबीने एकेक साडी उलगडली. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. एका रिक्षावाल्याने रंगही सुचवला.

"शेठ, तुमची माणसं चांगली आहेत," बाई म्हणाल्या. "पण मला साडी खांद्यावर टाकून बघायची होती. आरसा आत होता."

आपण रस्त्यावर साड्या पाठवतो, याचा व्यापाऱ्याला आजवर अभिमानच वाटत आला होता.

दोघे परत निघाले. वाटेत व्यापाऱ्याने विचारले, "गुरुजी, समजूत काढायची होती तर तसं सांगायचं. सत्कार कशासाठी?"

गुरुजी थांबले. "अरे, तुझ्या पायऱ्या पाहून किती जण परत गेले, तुला ठाऊक आहे? त्यांनी तक्रार केली नाही. ते गेले आणि पुन्हा त्या रस्त्याला आले नाहीत. तक्रार तोच करतो, ज्याला अजून आत यायचं असतं. तू तीन महिन्यांत थकलास, आणि ती तर जन्मभर दारोदारी थकते आहे. तरी तुझ्या दुकानावरची आशा तिने सोडली नव्हती. असं गिऱ्हाईक तुला दुसरं कोण भेटणार होतं?"

त्या आठवड्यात व्यापाऱ्याने काचेचे कपाट काढले आणि दरवाजा रुंद करून घेतला. गवंड्याने फूटभर उंचीला बारा फूट लांबी या हिशेबाने नवा, मध्ये वळण घेणारा लांब उतार बांधला. तो वाळल्यावर व्यापाऱ्याने अधिकाऱ्याच्या आधी इंदुमतीबाईंना बोलावले. त्या सावकाश वर आल्या. वळणावर मात्र खुर्चीचे चाक अडले.

"इथं वीतभर जागा हवी," त्या संकोचून म्हणाल्या. "तुमचं काम परत वाढेल, शेठ."

गवंडी कपाळाला हात लावून बसला. व्यापाऱ्याच्याही अंगात त्राण उरले नव्हते. त्याने पहार उचलली आणि गवंड्याच्या हाती दिली.

"फोड," तो शांतपणे म्हणाला. "आणि बाई, तुम्ही आणखी थोडं थांबा. आत कुठे काय अडतं, तेही बघून घेऊ."

नोटीस आली की आपण तक्रार कुणी केली ते शोधतो. न बोलता किती जण परत गेले, हेही कधी शोधावे.