कारवीचा कान

“फुललं का रं?”

केरूबुवांनी विचारलं. ते मठीच्या दारात घोंगडं पांघरून बसले होते.

“अजून नाही,” त्र्यंबकशास्त्री म्हणाले.

“आन् डोंगर?”

मठीच्या मागे डोंगर पायथ्यापासून कड्यापर्यंत जांभळा झाला होता. मधमाश्यांची गुणगुण अंगणात ऐकू येत होती. नाही म्हणायची सोयच नव्हती.

“डोंगर फुललाय.”

“बरं…”

बुवांनी घोंगडं अंगाभोवती ओढून घेतलं.

थोडं मागचं सांगायला हवं. त्र्यंबकशास्त्री काशीला शिकून आलेले, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. वादात त्यांना कुणी हरवलं नव्हतं. केरूबुवांनी तर वादच घातला नव्हता. शास्त्री तासभर बोलले, तर बुवांनी ताक प्यायला दिलं. तेव्हापासून शास्त्र्यांच्या मनाने घेतलं, की गुरुमंत्र घ्यायचा तर याच माणसाकडून.

बुवांनी त्यांच्या हातात बियांची पुरचुंडी ठेवली होती.

“कारवी हाय. वरल्या डोंगराचीच, आत्ताच सरलेल्या बहराची. बागंत पेर. हिला फूल येईल त्या दिवशी कानात मंत्र.”

शास्त्री मनातून चिडले. वेद पढलेल्या माणसाने माळीकाम करायचं? त्यांनी पुरचुंडी मठीच्या दाराशेजारी कुडाच्या भिंतीत खोचून ठेवली आणि पोथी उघडली.

पावसाळा सरता सरता बुवांनी विचारलं होतं, “उगवलं का?”

“नाही. बी किडकं असावं.”

“असंल…”

वर्ष गेलं. बुवा मंत्राचं नाव काढीनात. तेव्हा शास्त्र्यांनी मुकाट्याने पुरचुंडी सोडली आणि बी पेरलं. आठवडाभरात कोंब आले.

“बुवा, उगवलं! जरा उशिरा उगवलं.”

“व्हय. काही बी आळशी असतं.”

इथपर्यंत शास्त्र्यांची बाजू लंगडीच आहे. पण पुढे त्यांनी कुचराई केली नाही, हेही सांगायला हवं. उन्हाळाभर ओढ्यावरून घागरी आणल्या. शेरडं हाकलली. कुंपण घातलं, मोडलं, पुन्हा घातलं. पोथी धरणाऱ्या हाताला घट्टे पडले. संध्याकाळी ते रोपांशी बोलत, आणि कुणी आलं की एकदम स्तोत्र म्हणायला लागत.

मग एकदा गावात त्यांना कळलं, की कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. एका डोंगराची सगळी कारवी एकाच साली फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. त्या दिवशी शास्त्री जेवले नाहीत. सात वर्षांचं दुःख होतंच, पण खरी धास्ती निराळी होती. आपली रोपं डोंगरापेक्षा एका वर्षाने मागे आहेत… हे कुणाच्या ध्यानात आलं तर?

तेव्हा वाटलं, कोण बघतंय!

आता सगळा डोंगर बघत होता.

त्यात बुवा आषाढापासून खोकत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, भाकरीचा तुकडाही दुधात कुस्करून द्यावा लागे. पुढचा भादवा ते बघतील, असं वैद्यालाही वाटत नव्हतं. शास्त्री बागेत रोपांपाशी बसून रडले. एक वर्ष कमी पडत होतं, आणि ते त्यांनी स्वतःच पोथी वाचत घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते कुदळ घेऊन डोंगरावर गेले. एक बहरलेलं झुडूप मातीच्या ढेपेसकट उपटलं, खांद्यावरून खाली आणलं आणि बागेतल्या रांगेत मधोमध लावलं. भोवतीची माती पायाने दाबली. हातपाय धुतले.

“बुवा! फुललं!”

“हात दे.”

बुवा त्यांच्या खांद्याला धरून बागेपर्यंत आले. वाटेत दोनदा थांबले. झुडपापाशी येऊन त्यांनी फूल चाचपलं. मग फांदी. मग हात खोडावरून खाली उतरत बुंध्याशी गेला, आणि तिथल्या भुसभुशीत मातीत बोटं रुतली.

हात तिथेच राहिला…



“फूल आलंय खरं,” बुवा म्हणाले.

“मग… मंत्र?”

“शब्द दिलाय. देतो की.”

शास्त्री गुडघ्यांवर बसले. उपरणं डोक्यावरून घेतलं, डोळे मिटले आणि उजवा कान पुढे केला.

काहीच ऐकू येईना. त्यांनी डोळे उघडले.

बुवा कारवीवर वाकले होते. एक फांदी त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढली होती, लेकराचं तोंड धरावं तशी. फुलाशी तोंड नेऊन ते अगदी हलक्या आवाजात काही म्हणत होते. शास्त्र्यांना हलणारे ओठ दिसले, शब्द कळला नाही.

बुवांनी फांदी सोडली.

“झालं.”

“बुवा, हे काय केलंत?”

“जिला फूल आलं तिला दिला. तसंच ठरलं हुतं न्हवं?”

शास्त्र्यांना संताप आला. इतक्या वर्षांच्या घागरी, इतक्या वर्षांची शेरडं, आणि मंत्र एका झुडपाला! त्यांनी बोलायला तोंड उघडलं. पण समोर बुवांच्या नखांत डोंगराची तांबडी माती होती, आणि बागेची माती काळी होती.

“बुवा… ही आपल्या बागेतली नाही. पहाटे वरून उपटून आणली.”

“मग तहानली असंल. पाणी घाल तिला.”

शास्त्री घागर घेऊन आले. अर्धं पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं, उरलेलं त्यांनी बुंध्याशी ओतलं.

“आणि मला… कधी?”

“तुझ्या झाडांना फूल आलं की.”

“ते पुढच्या वर्षी यायचं. तोवर तुम्ही…”

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण ‘पुढच्या वर्षी’ म्हणालो, म्हणजे वर्षभर उशिरा पेरल्याची कबुलीच दिली.

बुवांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत ते कुंपणाला धरून उभे राहिले. शास्त्री आधार द्यायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग एकटेच, वाट चाचपत, मठीकडे निघाले.

दारात पोचल्यावर वळले.

“ही जगली तर बी धरंल. मंत्र हाय तिच्यापाशी…”

त्यांनी दाराशेजारच्या कुडावरून हात फिरवला.

“या खेपेला हितं खोचून ठेवू नगंस.”