आवडाईचे सात आकडे

सावळण्याच्या खाडीच्या तोंडावर आज नुसते चिरे उरलेत. तिथे कोट होता आणि कोटावर तीन तोफा होत्या, त्या काळची ही गोष्ट. गावात आवडाई नावाची भंडाऱ्यांची सून होती. तिचा नवरा पदाजी गलबतावर गेला तो परत आला नाही. चाच्यांनी त्याला धरलं आणि आपल्या तांबड्या शिडाच्या जहाजावर, तळाशी, वल्ही मारायला बसवलं.

आवडाई रोज कोटाखालच्या कातळावर कालवं काढायला जाई. हात कालवांवर, डोळे समुद्रावर. वर गोलंदाज सराव करत. तोफेचा धूर दिसला की ती आकडे मोजू लागे, समुद्रात पाणी उडालं की थांबे. समुद्रातल्या कासवखडकापाशी गोळा पडायला सात आकडे लागत. कधीही मोजा, सातच. मग तिने झावळीचा एक हीर, पात्यामधली ताठ काडी, घेतला, त्यावर नखाने सारख्या अंतरावर खुणा केल्या, आणि हात लांब करून तो येत्याजात्या गलबतांसमोर धरू लागली. सात आकड्यांत कुठलं गलबत किती खुणा सरकतं, हे तिला पाठ झालं. तीन वर्षं तिने हेच केलं. पदाजी कुठल्या तरी शिडाखाली असणार, मग एकही शीड न मोजता कसं सोडायचं, असं तिला वाटे.

चौथ्या वर्षी चैत्रात ते तांबड्या शिडाचं जहाज कासवखडकापाशी आलं आणि गावावर गोळे टाकू लागलं. वाळूवरच्या होड्या पेटल्या. कोटावर म्हातारे गोलंदाज हसनकाका नेम धरत होते, पण गोळा पोचेपर्यंत जहाज पुढे निघून जाई. आवडाई चढण चढून तोफेपाशी आली.

"काका, जहाज आहे तिथे मारू नका. सात आकड्यांनी जिथे असेल तिथे मारा."

"ते कुठे असेल, हे कोण सांगणार?"

"मी सांगते. पण नेम वर ठेवा, डोलकाठीवर. तळाला माझा माणूस आहे."

हसनकाकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोफेखालची पाचर स्वतःच्या हाताने सरकवून तिचं तोंड वर केलं.

तिने हीर धरला. सात आकड्यांत जहाज चार खुणा सरकलं. तोफ चार खुणा पुढे वळवली, तर समोर नुसतं पाणी. किल्लेदार म्हणाला, "ही बाई समुद्रावर नेम धरायला लावतेय." हसनकाकांनी बत्ती दिली. आवडाई मोजू लागली. गोळा हवेत थांबला आणि जहाजाची वाट पाहू लागला, असं म्हणतात. सातला डोलकाठी मोडून पाण्यात पडली.

जहाज वाहत जाऊन वाळूत रुतलं. गावकऱ्यांनी बेड्या तोडल्या. एकोणीस माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली. आवडाईने एकेकाचं तोंड पाहिलं. शेवटचा म्हणाला, "वहिनी, पदाजीला गेल्या साली दुसऱ्या जहाजावर नेलं. मस्कतच्या अंगाला गेलं ते."

त्या दिवसापासून ती कातळावर गेली नाही, कोटावरच बसू लागली. क्षितिजावर शीड दिसलं की ते किनाऱ्याला कधी लागेल हे ती सांगे, आणि तिचा आकडा कधी चुकला नाही, असं म्हणतात. एकदा हसनकाकांनी विचारलं, "पोरी, पदाजी कधी येईल?"

ती म्हणाली, "शीड दिसल्याशिवाय कसं मोजू, काका?"

केस पांढरे झाले तरी ती तिथेच होती. एका सकाळी जागा रिकामी दिसली. ती पाण्यावरून मस्कतच्या दिशेला चालत गेली, असं म्हणतात.

सावळण्यात अजून एखादी होडी परतायला उशीर झाला की त्या घरची बाई चिऱ्यांवर जाऊन उभी राहते. शेजारणी येतात, तिच्या अंगाला अंग लावून उभ्या राहतात. होडी नजरेला पडेपर्यंत 'कधी येतील' असं तिला कुणी विचारायचं नाही, ही आवडाईची आण आहे. होडी दिसली की ती आपणहून आकडा सांगते, मग खाली तिच्या घरात भाताचं आधण चढतं.