न वाचलेली चौकट

डोंगराच्या पायथ्याशी धामणदरा नावाचं गाव होतं. त्या गावात तुळशीराम नावाचा एक गृहस्थ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवायचा. गाव खोलगट जागी होतं. मोबाइलवर बोलणं कसंबसं व्हायचं, पण इंटरनेटचं पान काही उघडायचं नाही. तालुक्याहून इंटरनेटची एकच तार गावात आली होती, ती तुळशीरामच्या दुकानात. त्यामुळे दाखला काढायचा असो, निकाल पाहायचा असो, सगळं गाव त्याच्याकडे यायचं.

तुळशीराम मनाने वाईट नव्हता. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा फॉर्म तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच भरायचा. दहावीनंतर त्याची शाळा सुटली होती. संगणक तो आपल्या आपण, चुकत-माकत शिकला होता. पण त्याच्या मनात एक भीती घर करून होती. आपण कमी शिकलेले आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये, असं त्याला वाटायचं. म्हणून "मला माहीत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसत. काही अडलं की तो म्हणायचा, "दहा मिनिटांत होईल." आणि बहुतेक वेळा व्हायचंही.

एका सोमवारी सकाळी त्याने संगणक सुरू केला. रात्रीतून संगणकाने आपोआप अपडेट घेतलं होतं. पडदा नेहमीपेक्षा उशिरा उजळला. दाराशी चार माणसं उभी होती. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. तुळशीरामने ती वाचली नाही. "नाही" असं लिहिलेल्या जागी टिचकी मारली आणि चौकट घालवली. लगेच तशीच दुसरी आली. तीही त्याने तशीच घालवली. अशा चौकटी रोजच यायच्या, आणि रोजच तो त्या अशा उडवून लावायचा.

मग त्याने ब्राउझर उघडला. पान आलं नाही. 'जोडणी होऊ शकत नाही' एवढीच ओळ दिसली. त्याने दुसरा ब्राउझर उघडला. तिथेही तेच.

दाराशी उभ्या असलेल्या माणसांत सगुणाबाई होत्या. त्यांच्यासोबत त्यांचे यजमान भिकाजी होते. दोघं बुरूडकाम करायचे, टोपल्या आणि सुपं विणायचे. दोन वर्षांपासून भिकाजींच्या दोन्ही बुबुळांवर पांढरा पडदा चढत गेला होता. अलीकडे बांबू सोलताना कोयता बोटाला लागायचा, म्हणून सगुणाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला होता. शहरातल्या एका धर्मादाय इस्पितळात शस्त्रक्रियेच्या यादीत त्यांचं नाव लागून आठ महिने झाले होते. रविवारी संध्याकाळी अखेर फोन आला. नंबर लागला होता. रक्ततपासणीचे कागद आणि होकार सोमवारी दुपारी चारच्या आत वेबसाइटवर टाकायचे होते. तसं झालं नाही, तर नंबर यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता.

सगुणाबाईंनी हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "होईल ना, भाऊ? नाहीतर अकराच्या एसटीने आम्ही तालुक्याला जातो. तिथे दुकानं आहेत म्हणतात."

तुळशीरामने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा भिकाजींच्या डोळ्यांकडे. पान का उघडत नाही हे त्याला खरोखरच कळलेलं नव्हतं. पण दाराशी माणसं ऐकत उभी होती.

"कशाला हेलपाटा मारता?" तो म्हणाला. "दहा मिनिटांत होईल."

दहा मिनिटं झाली. पुन्हा दहा झाली. तुळशीरामने संगणक बंद करून चालू केला. ब्राउझरमधला सगळा जुना साठा पुसून टाकला. एका जुन्या वहीत कधीतरी कुणीतरी सांगितलेला एक क्रमांक लिहिलेला होता, तो त्याने जोडणीच्या सेटिंगमध्ये भरून पाहिला. मग एक ब्राउझर काढूनच टाकला, म्हणजे तो नव्याने घालता येईल. पण नवा घ्यायचा तर इंटरनेट हवं, हे काढल्यानंतर त्याच्या ध्यानात आलं.

बाहेर अकराची एसटी थांबली, कंडक्टरने घंटी मारली आणि ती निघून गेली. सगुणाबाईंनी ती जाताना पाहिली.

"झालं काय आहे तरी?" दारातल्या एकाने विचारलं.

तेव्हा तुळशीरामला आठवलं, की कालच केबलवाला अंकुश खांबावर चढला होता. चाळिशीचा हा माणूस सात गावांच्या तारा सांभाळायचा. वाऱ्याने सैल झालेली तार त्याने नीट बांधून दिली होती.

"होणार काय?" तुळशीराम मोठ्याने म्हणाला. "त्या अंकुशने काल तारेला हात लावला आणि बिघडवून ठेवली. कामात लक्षच नाही त्याचं."

बोलून टाकल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने तिथल्या तिथे केबलच्या मालकाला फोन लावला आणि तक्रार केली. मालक आधीच कशाने तरी वैतागलेला होता. तो म्हणाला, "त्याच्याबद्दल आता एकही तक्रार ऐकून घेणार नाही मी. आज तुमची तार नीट करून येऊ दे, उद्यापासून त्याला घरी बसवतो."

तुळशीरामने फोन ठेवला. एवढं होईल असं त्याला वाटलं नव्हतं. पण मालकाला पुन्हा फोन करून काही सांगावं, एवढं बळ त्याला आलं नाही.

दीड वाजता अंकुश आला. मालक त्याला फोनवर काय बोलला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुकानातल्या कुणाशी न बोलता तो आधी खांबावर चढला. तपासायचं यंत्र तारेला लावलं. खाली उतरला. मग भिंतीपाशी यंत्र लावलं. मग दुकानातल्या इंटरनेटच्या डब्याजवळ. मग संगणकात जाणारी तार काढून तिच्या टोकाला. मग ती तार परत जागेवर लावली.

"तुळशीरामभाऊ, इथपर्यंत लाइन चांगली आहे," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या तारेत दोष नाही."

"असं कसं? मग पान का येत नाही?"

"ते मला माहीत नाही. संगणकातलं मला काही कळत नाही."

तुळशीराम त्याच्याकडे पाहतच राहिला. जे शब्द उच्चारायची त्याला आयुष्यभर धास्ती होती, ते हा माणूस चारचौघांत सहज बोलून गेला होता. आणि त्यावर कुणी हसलंही नव्हतं.

अंकुशने पिशवी खांद्याला लावली. त्याचं काम संपलं होतं. तेवढ्यात बाकावर बसलेल्या भिकाजींनी विचारलं, "किती वाजले?"

"सव्वादोन," सगुणाबाई म्हणाल्या.

"आता तालुक्याला पोचणं होणार नाही," भिकाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "जाऊ दे. आठ महिने थांबलो, अजून थांबू. पुढचा जो असेल, त्यालाही दिसत नसेलच की."

ते ऐकून अंकुश थबकला. कसला फॉर्म, कशाची तारीख, हे त्याने सगुणाबाईंना विचारून घेतलं. मग पिशवी खाली ठेवून तो तुळशीरामच्या शेजारी स्टुलावर बसला.

"भाऊ, मी काय करतो ते सांगतो," तो म्हणाला. "लाइन बंद पडली की खांबापासून सुरुवात करतो आणि घराकडे येतो. एकेक टप्पा बघतो. एका वेळी एकाच गोष्टीला हात लावतो. नाहीतर कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं, काहीच कळत नाही. तुम्ही सकाळपासून काय काय बदललंत?"

तुळशीरामने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मग आधी ते सगळं होतं तसं करा."

तुळशीरामने वहीतला तो क्रमांक सेटिंगमधून काढला. काढून टाकलेला ब्राउझर सोडून बाकी जे जे फिरवलं होतं, ते एकेक करून जागेवर आणलं. पान अजून येत नव्हतं, पण सकाळपासूनचा गुंता निदान सुटला होता.

"आता सांगा," अंकुश म्हणाला, "ब्राउझर सोडून नेटवर चालणारं दुसरं काही आहे का यात?"

"ई-मेलचं टपाल येतं ते वेगळ्या प्रोग्राममध्ये येतं."

"ते उघडा."

तुळशीरामने ते उघडलं. क्षणभर काही झालं नाही. मग एकामागून एक तीन नवी पत्रं आली. शेवटचं पत्र तर पाच मिनिटांपूर्वीचं होतं.

"म्हणजे नेट संगणकात येतंय!" तुळशीराम ओरडलाच.

"येतंय ना. मग फक्त ब्राउझरलाच कोण अडवतंय? कालपर्यंत तर चालत होता. कालपासून आजपर्यंत यात काय बदललं?"

"रात्री अपडेट झालं," तुळशीराम म्हणाला, आणि त्याला सकाळच्या चौकटी आठवल्या.

त्याने संगणकाच्या सुरक्षेचा प्रोग्राम उघडला. कोणत्या प्रोग्रामला बाहेर जोडणी करू द्यायची आणि कोणत्याला नाही, याची यादी त्यात होती. ब्राउझरच्या नावापुढे लाल फुली होती. फुलीखाली वेळ लिहिलेली होती, आज सकाळी आठ चाळीस. अपडेटमुळे दोन्ही ब्राउझर बदलले होते, म्हणून सुरक्षेच्या प्रोग्रामने प्रत्येकासाठी विचारलं होतं, 'याला बाहेर जाऊ द्यायचं का?' आणि तुळशीरामने स्वतःच्या हाताने "नाही" म्हटलं होतं. एकदा नव्हे, दोनदा.

शेजारी अंकुश होता, पण त्याला त्या यादीतलं काही कळत नव्हतं. बाकीचे तर लांबच होते. फुली गुपचूप काढली असती आणि "आली बघा लाइन" म्हटलं असतं, तर कुणाला काहीच कळलं नसतं. तुळशीरामची इज्जत राहिली असती. अंकुश उद्यापासून घरी बसला असता.

माणूस अशा वेळी कसा अडकतो, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यालाच ठाऊक. तुळशीरामचा हात माउसवर तसाच राहिला. त्याची नजर भिकाजींकडे गेली. पुढच्या माणसाचंही ज्याला वाईट वाटत होतं, तो माणूस कान देऊन बसला होता.

तुळशीरामने फुली काढली. "हो" वर टिचकी मारली. इस्पितळाचं पान झरकन उघडलं. दारातली माणसं आनंदाने बोलू लागली.

"थांबा," तुळशीराम म्हणाला. "तार बिघडलेली नव्हती. सकाळी चौकट आली होती. मी ती न वाचता नाही म्हटलं. चूक माझी आहे. अंकुशचा काही दोष नाही. आणि काकू, तुमची एसटी माझ्यामुळे गेली. मला येत नव्हतं, पण येत नाही म्हणायची लाज वाटली."

सगुणाबाई म्हणाल्या, "चूक झाल्याचं काही नाही, भाऊ. पण सकाळीच सांगितलं असतंत, तर माझा जीव एवढा टांगणीला लागला नसता. आता आधी फॉर्म भरा."

तुळशीरामने फॉर्म भरला. एकेक ओळ दोनदा वाचली. कागद जोडले. तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर उत्तर आलं, 'आपला होकार मिळाला.' त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. भिकाजींनी हात जोडले, पण कोणाकडे तोंड करून जोडावेत ते त्यांना कळेना. सगुणाबाईंनी त्यांचे हात धरून खाली घेतले आणि पदराने डोळे पुसले.

मग तुळशीरामने फोन उचलला. सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर लावला आणि केबलच्या मालकाला सांगितलं, "सकाळची तक्रार खोटी होती. चूक माझ्या संगणकात होती, माझ्याच हातून झालेली. तुमच्या माणसानेच आज मला ती शोधायला शिकवलं. त्याला घरी बसवणार असाल, तर मीच येतो उद्या तुमच्यासमोर उभा राहायला."

मालक म्हणाला, "पाठवून द्या त्याला. उद्या सावरवाडीची लाइन बघायची आहे."

तुळशीराम अंकुशकडे वळला. "अंकुश, मला माफ कर."

अंकुश पिशवीपाशी बसला. तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "वाईट वाटलं होतं, भाऊ. फोन आला तेव्हा मी ताटावर बसलो होतो. तसाच उठलो."

"आणि आता?"

"आता भूक लागलीय."

सगुणाबाईंनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. प्रवासासाठी बांधून आणलेल्या त्या भाकऱ्या चौघांनी दुकानातच बसून खाल्ल्या.

गुरुवारी भिकाजींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. हळूहळू त्यांना माणसं ओळखू येऊ लागली. गावातल्या लोकांचा तुळशीरामवरचा विश्वास उडाला नाही. उलट, स्वतःला एखादी गोष्ट येत नसेल तर हा माणूस तसं सरळ सांगतो, हे कळल्यावर लोक त्याच्याकडे जास्तच निर्धास्तपणे येऊ लागले. तुळशीरामला मात्र याचं बरेच दिवस नवल वाटत राहिलं.

तात्पर्य: काही बिघडलं की दोष कुणाला द्यायचा हे ठरवण्याआधी, आपल्या हातून काय बदललं ते एकेक करून तपासावं. "मला माहीत नाही" आणि "माझं चुकलं" असं वेळेवर म्हणणाऱ्याचा मान कमी होत नाही, आणि त्याच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागत नाही.