गिरमाजीशेटच्या गुळाचा खर्च

गुळाची एक ढेप करायला चाळीस रुपये खर्च येतो, असं गिरमाजीशेटनं भर दरबारात शपथेवर सांगितलं. ढेप डोक्यावर घेऊन मागं उभा असलेला त्यांचाच गुळव्या भिवा फिसकन हसला. तेवढं हसणं त्याला भोवलं!

"चाळीस कसे हो शेट?" मानाजीराजांनी विचारलं.

"उसाला वारा घालायला बारा हुजरे, महाराज! रस गाळायला रेशीम! आणि रस आटवायच्या काहिलीला सनई ऐकवावी लागते, नाहीतर गूळ रुसतो!"

राजांनी मान डोलावली आणि ढेपेचे चाळीस मोजून द्यायला सांगितले. मीठ विकणाऱ्या म्हातारीला ते टोपलीचाही खर्च विचारत, पण शेट पडले घरचे! भिवाला मात्र शेटची बदनामी केली म्हणून खोड्यात घातलं.

भिवाची लेक साळू धावत आली. "महाराज, माझ्या बाबांनी हयात काहिलीपाशी काढली. त्यांना सोडा!"

राजे हट्टाला पेटले. "मग खरा खर्च सिद्ध कर! शेटच्या वहीला हात लावायचा नाही, गुऱ्हाळात पाय टाकायचा नाही, गड्यांना विचारायचं नाही. उद्या सूर्यास्तापर्यंत! नाहीतर तुझा बाप हद्दपार!"

साळूनं पदर खोचला. पोरगी खमकी.

"महाराज, फक्त एक दवंडी उसनी द्या!"

राजांना गंमत वाटली. त्यांनी दिली. सकाळी गावभर डांगोरा पिटला गेला, "ऐका हो ऐका! ज्या मालाला जेवढा खर्च, त्याच्या निम्मी जकात! ज्यानं त्यानं दरबारात येऊन खर्च लिहून द्यावा!"

गिरमाजीशेट एकाच पायात जोडा घालून दरबारात थडकले.

"महाराज, घात झाला! चाळीस कुठले? चार!"

"आणि ते रेशीम?"

"बायकोचं जुनं लुगडं, महाराज!"

"सनई?"

"मेहुणा शीळ घालतो, तीही फुकट!"

"बारा हुजरे?"

"वारा काय, आपला आपण येतो! देवाचा आहे! महाराज, साडेतीनच लिहा ना!"

मागून कापडवाले, तेलवाले, अत्तरवाले एकमेकांना ढकलत आत घुसले. "माझा शालू नव्वदचा नव्हे, नऊचा!" "माझं अत्तर म्हणजे नुसतं पाणी हो, महाराज!" कारकुनानं सगळं लिहून घेतलं, खाली सह्या घेतल्या. राजांचा चेहरा लालबुंद झाला.

"मग जकात किती बसली?" शेटनी घाम पुसत विचारलं.

"काहीच नाही!" साळू म्हणाली. "दवंडी उसनी होती, मी परत केली!"

शेट मटकन खाली बसले.

"अगं, पण वही न बघता तुला हे जमलं कसं?" राजांनी विचारलं.

"त्यात काय, महाराज! गूळ तोच, काहील तीच. समोरचा हात देणारा आहे की घेणारा, तेवढं बघून शेट खर्च सांगतात!"

राजे खदखदून हसले. भिवाचा खोडा तिथल्या तिथं निघाला. सुईपासून हत्तीच्या झुलीपर्यंत दरबारात येणाऱ्या प्रत्येक मालाचा खर्च तपासायचं काम राजांनी साळूला दिलं, आणि वर हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं.

साळूनं कडं तळहातावर तोललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"महाराज, सोनारानं याचे किती घेतले?"

दरबारी सोनार खांबाआडून हळूच दाराकडं सरकू लागला, आणि राजांना इतकं हसू लोटलं की पगडी घरंगळत पायरीवर गेली!